टाकी वाहते आहे. पण भरते कुठून?

घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे वाहणाऱ्या टाक्यांविषयी आहेत. टाकी वाहिली की आपल्याकडे पहिला संशय बॉलकॉकवर (टाकी भरली की तरंगत्या बॉलच्या जोरावर पाणी बंद करणाऱ्या कॉकवर) येतो, दुसराही त्याच्यावरच येतो, आणि तो बदलूनही पाणी थांबले नाही की नशिबाला बोल लावला जातो. खाली दिलेल्या चारही ठिकाणी बॉलकॉक निर्दोष आहे, किंवा मुळात तेथे त्याचा संबंधच नाही. म्हणून यावेळी सर्व उत्तरे एकत्र घेतली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण त्यात टाकीच्या पाण्याबरोबर पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न गुंतलेला आहे.

प्रश्न : आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर 1000 लिटरची प्लास्टिकची टाकी आहे. कॉर्पोरेशनचे पाणी पहाटे 5 ते सकाळी साडेसात या वेळात येते आणि स्वतःच्या दाबाने वर चढते. पंप लावलेला नाही. एप्रिलपासून ही टाकी रोज सकाळी वाहते. प्लंबरने आधी बॉलकॉक बदलला, नंतर “तुमच्याकडे प्रेशर जास्त आहे” असे सांगून दुसऱ्या प्रकारचा बसवला. फरक काहीच पडला नाही. परवा मी स्वतः शिडी लावून टाकीचे झाकण उघडले. बॉल पाण्यात जवळजवळ बुडालेला होता, दांडा पूर्ण वर उचलला गेला होता, कॉकच्या तोंडातून थेंबही पडत नव्हता आणि तरीही ओव्हरफ्लोच्या पाइपातून करंगळीएवढी धार चालू होती. 20 लिटरची बादली चार मिनिटांत भरली. स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्यासाठी थेट लाइनचा वेगळा नळ आहे. उन्हाळ्यात टाकी एकदोनदा रिकामी झाली, तेव्हा प्लंबरने ओट्याखाली थेट लाइन आणि टाकीची लाइन जोडून मध्ये एक कॉक बसवून दिला होता. तो आम्ही बंदच ठेवतो. त्या कामाचा एक फायदा मात्र झाला. थेट लाइनच्या नळाला पूर्वी साडेसातनंतर पाणी नसे, ते आता दिवसभर असते. टाकी वाहण्याचे कारण काय असावे? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपण शिडीवर चढून जे पाहिले, त्यातच निम्मे उत्तर आले आहे, आणि उरलेले निम्मे आपण ज्याला फायदा म्हटले आहे त्या वाक्यात आहे.

बॉलकॉक खरोखर बिघडलेला असला की त्याच्या तोंडातून पाणी येत राहते. आतल्या वॉशरखाली वाळूचा कण अडकतो, वॉशर झिजून खोलगट होतो, बॉलला बारीक चीर पडून त्यात पाणी शिरते (बॉल काढून कानाजवळ हलवला की आतले पाणी वाजते), किंवा दांडा वाकून बॉल टाकीच्या भिंतीला घासत राहतो. हे दोष वेगवेगळे असले तरी खूण एकच असते : पातळी वर आली तरी तोंड बंद होत नाही. आपल्याकडे तोंड कोरडे आहे आणि बॉल नेहमीपेक्षा खोल बुडालेला आहे. याचा अर्थ बॉलकॉकने त्याच्या ठरलेल्या पातळीला पाणी बंद केले आणि त्यानंतरही पाणी वर चढत राहिले. वरून येत नसलेले पाणी टाकीत शिरायला मग एकच वाट उरते, ती म्हणजे खालची. ज्या पाइपाने टाकीचे पाणी घरात उतरते, त्याच पाइपाने पहाटे पाणी उलटे वर चढते आहे.

ते कोठून चढते, याचा शोध ओट्याखाली घ्यावा लागेल. थेट लाइन आणि टाकीची लाइन यांच्यामध्ये बसवलेला कॉक बंद दिसत असला तरी तो पाणी पूर्ण अडवत नाही. पहाटे थेट लाइनमध्ये कॉर्पोरेशनचा दाब असतो. हाच दाब पाण्याला मुख्य पाइपाने गच्चीपर्यंत नेतो, तेव्हा वाट मिळाल्यास तो दुसऱ्या पाइपानेही नेणारच. दिवसा दाब गेला की उलटा प्रवास सुरू होतो आणि टाकीचे पाणी त्याच कॉकमधून थेट लाइनच्या नळाला येते. दिवसभर मिळणारे ते पाणी कॉर्पोरेशनच्या नळाचे नाही, आपल्याच टाकीतले आहे. एप्रिलपासून आपण पिण्यासाठी तेच भरत आहात.

माझ्या म्हणण्यावर विसंबून ओटा फोडायला घेऊ नये. दोन चाचण्या करून खात्री करून घ्यावी. त्यांना पानाही लागत नाही. पहिली चाचणी पहाटे, टाकी वाहत असताना करावी. टाकीत पाणी आणणाऱ्या पाइपावरची चावी पूर्ण बंद करावी आणि पाच मिनिटे थांबावे. धार चालूच राहिली, तर बॉलकॉकचा विषय कायमचा संपला. मग ती चावी तशीच ठेवून टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपावरचा गेट व्हॉल्व बंद करावा. आता धार थांबेल. लगेच नाही, पण पातळी ओव्हरफ्लोच्या भोकाच्या काठाखाली उतरेपर्यंत मिनिट-दोन मिनिटे लागतील, तेवढा धीर धरावा. दुसरी चाचणी दुपारी करावी. गच्चीवरचा तोच गेट व्हॉल्व बंद करून थेट लाइनचा नळ सोडावा. पाइपात अडकलेले पाणी आधी येईल, बादलीभरही येऊ शकेल, आणि नंतर नळ कोरडा पडेल. त्यानंतर घरातील कोणाला तरी गच्चीवर पाठवून व्हॉल्व उघडायला सांगावे. नळ पुन्हा वाहू लागला, तर शंकेला जागा उरत नाही.

त्या कॉकला दोष दिला तरी आश्चर्य वाटू नये. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या कॉकमध्ये आत एक भोक असलेला गोळा असतो आणि तो दोन मऊ कड्यांमध्ये फिरतो. पहाटे लाइन सुरू होताना गाळ आणि गंजाचे कण येतात. त्यांतला एखादा कड्यावर ओरखडा काढतो आणि तेथून पाणी झिरपू लागते. कधी दांडीच गोळ्यावर सैल होते, आणि दांडी आडवी दिसली तरी गोळा अर्धवट फिरलेला असतो. आपल्याकडे मिनिटाला 5 लिटर पाणी जात आहे, म्हणजे हा प्रकार झिरपण्यापेक्षा मोठा असून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते. अडीच तासांच्या पुरवठ्यात टाकी पहाटेच भरलेली असेल, तर हे पाणी 750 लिटरपर्यंत जाते. ज्या दिवसांत टाकी रिकामी पडली म्हणून ही जोडणी झाली, त्याच जोडणीतून आज पाऊण टाकी रोज गटारात जात आहे.

आता दुरुस्तीविषयी. प्लंबर बहुधा म्हणेल की चांगला पितळी कॉक लावू, किंवा जोडीला एक नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) टाकू. दोन्हीला नम्रपणे नकार द्यावा. जोडणीचा तुकडा कापून काढावा आणि दोन्ही टोकांना बुचे मारून घ्यावीत. पिण्याच्या थेट लाइनचा साठवणुकीच्या लाइनशी कोणत्याही मार्गाने संबंध येऊ नये, हा पाणीपुरवठ्यातला जुना आणि शहाणपणाचा दंडक आहे, आणि त्याचे कारण केवळ आपल्या घरापुरते नाही. साडेसातला पुरवठा बंद झाला की रस्त्याखालचा पाइप रिकामा होऊ लागतो आणि घराघरांतून पाणी मागे ओढतो. आपली टाकी दिवसभरात रिकामी होत नाही, यावरून मीटरजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व सध्या काम करतो आहे असे दिसते. ज्या दिवशी त्याच्या झडपेत खडा अडकेल, त्या दिवशी आपल्या टाकीतले पाणी शेजाऱ्यांच्या पिण्याच्या लाइनमध्ये जाईल. टाकी पुन्हा कधी रिकामी पडलीच, तर थेट नळावरून बादल्या भरून वेळ भागवावी लागेल. हे गैरसोयीचे आहे, हे मला मान्य आहे.

तुकडा काढल्यानंतरही पहाटे धार आलीच, तर घरात अशी आणखी एखादी गाठभेट शोधावी लागेल. गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाच्या एका बाजूला थेट लाइन आणि दुसऱ्या बाजूला टाकीची लाइन दिली असेल, आणि पुढचे तोंड हँडशॉवरच्या बटणाने बंद करण्याची सवय असेल, तर दोन्ही लाइनी आतल्या आत मिळतात. अशा प्रत्येक नळाखालचे अँगल कॉक एकेक करून बंद करत जावे; ज्याच्या बंद होण्याने धार थांबेल, तो नळ दोषी. शेवटी टाकी एकदा रिकामी करून घासून धुवावी, आणि ती धुऊन होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळावे.

जाता जाता आपल्या प्लंबरच्या बाजूनेही एक सांगतो. “प्रेशर जास्त आहे” हे म्हणणे सरसकट थाप नसते. दाब चौरस सेंटिमीटरला 3 किलो आणि बॉलकॉकचे भोक 12 मिलिमीटरचे असेल, तर पाणी वॉशरला सुमारे 3.4 किलोच्या जोराने ढकलते. दांड्यामुळे बॉलला दहापट फायदा मिळत असेल, तरी त्याला 340 ग्रॅम उचल द्यावी लागते, आणि 11 सेंटिमीटर व्यासाचा बॉल अर्धा बुडाल्यावर जेमतेम तेवढीच देतो. म्हणूनच बॉलकॉकच्या आयएस 1703 या भारतीय मानकात जास्त दाबाचे आणि कमी दाबाचे असे प्रकार वेगळे केले आहेत, आणि जास्त दाबाला बारीक भोकाचा कॉक लागतो. परंतु दुमजली गच्चीवर सुमारे 8 मीटर चढण्यातच पाण्याचा 0.8 किलो दाब खर्च होतो, आणि मुख्य म्हणजे दाबाने हरलेला बॉलकॉक तोंडातून गळतो. आपला गळत नव्हता. प्लंबरने एकदा झाकण उघडून आत पाहिले असते, तर दुसऱ्या बॉलकॉकचा खर्च वाचला असता.

प्रश्न : जुन्या 1000 लिटरच्या टाकीशेजारी आम्ही 500 लिटरची नवी टाकी ठेवून दोन्ही टाक्या तळाशी पाइपाने जोडल्या. पाणी जुन्या टाकीत येते आणि बॉलकॉकही तिच्यातच आहे. आता जुनी टाकी पूर्ण भरण्याआधीच नवी टाकी ओव्हरफ्लोच्या पाइपातून वाहू लागते. विक्रेत्याने नव्या टाकीचे भोक चुकीच्या जागी पाडले असे म्हणून आम्ही त्याच्याशी वाद घातला. त्याने टाकी बदलून दिली, पण दुसरीही वाहते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : विक्रेत्याची एकदा क्षमा मागावी असे सुचवतो. तळाशी जोडलेल्या दोन टाक्यांत पाणी एकाच पातळीला राहते, मग एक टाकी मोठी असो आणि दुसरी लहान असो. 500 लिटरची टाकी सहसा 1000 लिटरच्या टाकीपेक्षा बुटकी असते. दोन्ही एकाच स्लॅबवर ठेवल्या, तर जुन्या टाकीतला बॉलकॉक ज्या पातळीला पाणी बंद करणार आहे, तिच्याखालीच नव्या टाकीचे ओव्हरफ्लोचे भोक येते. पाणी त्या भोकापर्यंत चढले की बाहेर पडू लागते, जुन्या टाकीतली पातळी तेथेच अडते, आणि बॉलकॉक बिचारा बॉल वर येण्याची वाट पाहत उघडाच राहतो.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर गवंडी ओळंब्याबरोबर बाळगतात ती पारदर्शक नळीची पाणसळ मागून घ्यावी. नळीतील पाण्याची एक बाजू नव्या टाकीच्या ओव्हरफ्लोच्या भोकाच्या खालच्या काठाशी धरावी आणि दुसऱ्या बाजूच्या पाण्याच्या पातळीला जुन्या टाकीवर बाहेरून खडूने रेघ मारावी. बॉलकॉक त्या रेघेच्या निदान चार बोटे खाली बंद झाला पाहिजे.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे जुन्या टाकीतल्या बॉलकॉकचा दांडा खाली वाकवून, किंवा कॉकच खाली बसवून, तो लवकर बंद होईल असे करणे. हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण जुन्या टाकीचा वरचा भाग कायम रिकामा राहील. टाकीचा व्यास सुमारे 110 सेंटिमीटर असेल, तर दर सेंटिमीटरमागे साडेनऊ लिटर जातात. 15 सेंटिमीटर सोडावे लागले, तर सुमारे 140 लिटर गेले. दुसरा उपाय म्हणजे नवी टाकी ओट्यावर चढवून दोन्ही टाक्यांची ओव्हरफ्लोची भोके एका पातळीत आणणे. मला हा उपाय अधिक पसंत आहे, मात्र दोन अटींवर. प्लास्टिकच्या टाकीचा तळ पूर्ण सपाट टेकलेला असला पाहिजे. चार कोपऱ्यांना चार विटा लावून उचललेली टाकी कालांतराने तळाशी तडकते. शिवाय भरलेल्या टाकीचे वजन अर्धा टनाहून अधिक होते आणि त्यात ओट्याची भर पडेल, म्हणून हा ओटा स्लॅबच्या मधोमध न बांधता भिंतीच्या किंवा तुळईच्या माथ्यावर बांधावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोअरचे पाणी पंपाने वरच्या टाकीत चढवले जाते. टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा यासाठी सेन्सर असलेला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला आहे. वर्षभर तो उत्तम चालला, पण आता टाकी वाहू लागली तरी पंप बंद होत नाही. इलेक्ट्रिशियनने कंट्रोलर बदलला. महिनाभर बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. (सोसायटीचे सचिव, नाशिक)

उत्तर : कंट्रोलर बदलताना त्याने टाकीतल्या सळ्या पुसल्या असाव्यात, म्हणून तो महिना बरा गेला. आपल्या प्रकारच्या सेन्सरमध्ये टाकीत वेगवेगळ्या उंचीला स्टीलच्या सळ्या सोडलेल्या असतात. पाणी वरच्या सळीला टेकले की तळाच्या सळीपासून पाण्यातून अगदी थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि कंट्रोलर टाकी भरली असे समजतो. बोअरचे पाणी जड असले की सळीवर तोच पांढरा क्षार बसतो, जो आपल्या गीझरमध्ये आणि बादलीच्या काठावर दिसतो. हा थर वीज नीट वाहू देत नाही. वरची सळी तर दररोज भिजते आणि वाळते, त्यामुळे तिच्यावर तो सर्वांत जाड बसतो. ती पाण्यात बुडालेली असते, पण कंट्रोलरला ते कळत नाही.

मुख्य स्विच बंद करून सळ्या बाहेर काढाव्यात, लिंबाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवून क्षार सुटला की पुसाव्यात, आणि वायर जोडलेल्या ठिकाणी गंज आहे का तेही पाहावे. हे काम दर तीन महिन्यांनी करण्याची नोंद रखवालदाराच्या वहीत घालून ठेवावी. सळ्या स्वच्छ असूनही पंप चालू राहिला आणि कंट्रोलरचा दिवा मात्र पंप बंद असल्याचे दाखवत असेल, तर पंपाला वीज देणाऱ्या स्टार्टरचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले आहेत असे समजावे. ते काम इलेक्ट्रिशियनचेच आहे. एवढ्या जड पाण्याला सळ्यांपेक्षा तरंगत्या बॉलचा स्विच अधिक टिकतो. मात्र त्याची वायर टाकीतल्या पाइपांत अडकणार नाही इतकी मोकळी जागा ठेवावी, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत आपले पुढचे पत्र येईल.

प्रश्न : आमची गच्चीवरची टाकी फक्त दुपारी, तीही कडक उन्हात, थेंब थेंब वाहते. त्या वेळी नळाला पाणीही येत नसते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : आपण लिहिलेले नाही, पण गच्चीवर सोलर वॉटर हीटर असला पाहिजे. 200 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापले की सुमारे 2.8 लिटरने फुगते, आणि हे वाढलेले पाणी थंड पाण्याच्या पाइपाने मागे सरकून टाकीत येते. टाकी आधीच काठोकाठ असेल, तर तेवढे पाणी ओव्हरफ्लोमधून ठिबकते. बॉलकॉक दोन बोटे खाली उतरवला की हे थांबेल. मात्र आधी गच्चीवर जाऊन थेंब नक्की कोणत्या पाइपातून पडतात ते पाहावे. सोलरच्या गरम टाकीवर हवा जाण्यासाठी एक उभा पाइप असतो. त्याचे वरचे तोंड थंड पाण्याच्या टाकीतल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा उंच असावे लागते. ते बुटके राहिले असेल, तर वाहते आहे ती टाकी नसून तो पाइप आहे, आणि त्याला दीड-दोन फुटांचा तुकडा जोडला की काम होईल. तुकडा जोडताना त्याचे तोंड मात्र उघडेच ठेवावे. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून त्यावर टोपण घट्ट बसवू नये, टोक खाली वळवलेला वाक लावावा.